मामाजी आणि मागचा चक्का

माझे सासरे इंझोरीला आमच्या घरी आले ते मला समजवायला. आल्या आल्या त्यांनी तसं सांगितलं मात्र नाही. पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, चहा घेतला, यंदा तूर कशी आहे ते विचारलं. मग गोठ्याकडे नजर टाकून म्हणाले, "जवाईबुवा, ते काय होय?"

गोठ्यात माझी मोटरसायकल उभी होती. भंगारातून उचललेली दीडशे सीसीची गाडी. तिला ना दिवा, ना इंडिकेटर, ना आरसा. सीट कापून अर्धं केलेलं, पुढचं मडगार्ड उंच चढवलेलं. गुडघ्याएवढ्या जाडीचे टायर लावल्यामुळे ती टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसायची.

"शर्यतीची गाडी, मामाजी."

"हिच्यावरूनच पडले ना तुमी?"

मी मान हलवली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे बोलावणं कोणाचं आहे.

मी शेतकरी माणूस. सोयाबीन आणि तूर, पाणी असलं तर हरभरा. पण सोयाबीन निघालं की आमच्या भागातल्या गावांत शर्यतींचा हंगाम सुरू होतो. पोरं मिळून कोणाचं तरी रिकामं वावर मागून घेतात, ट्रॅक्टरनं त्यात वळणावळणाचा ट्रॅक आखतात, कडेला टायर आणि मातीची पोती लावतात, एक भोंगा आणतात आणि झालं सर्किट तयार. दिवाळीपासून होळीपर्यंत कुठे ना कुठे धुरळा उडत असतो. मी तिथं जात होतो. येत मात्र नेहमी मधल्या नंबराने होतो. त्याआधीच्या हंगामात पडून खांद्याजवळचं हाड मोडून घेतलं होतं. बायको मानोऱ्याला औषधाच्या दुकानात काम करते. माझ्या गोळ्या, पट्टे, मलम तिनंच आणले, आणि प्रत्येक वेळी पुडकं समोर ठेवताना एक वाक्य ऐकवलं. ती वाक्यं संपली, तेव्हा तिनं वडिलांना फोन केला.

मामाजी केनवडचे. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर करमत नव्हतं. घरासमोरून जाणाऱ्या प्रत्येक बसचा गिअर कधी पडला ते ऐकत बसायचे, असं सासूबाई सांगायच्या. माझ्याशी ते फार अदबीनं वागत. जावई म्हणजे आमच्याकडे पाहुणा. त्याला आधी पाट, आधी ताट. मीही त्यांच्यासमोर आवाज चढवून कधी बोललो नव्हतो. त्यामुळे समजवायचं कसं, हा त्यांच्यापुढे खराच प्रश्न होता.

त्या रविवारी शर्यत होती नेमकी केनवडला. मामाजी म्हणाले, "मी बी येतो. रस्त्यानं बोलू."

शेजाऱ्याच्या छोट्या टेम्पोत माझी मोटरसायकल दोरांनी बांधली आणि आम्ही निघालो. वाटेत मामाजींनी तीनचार वेळा घसा साफ केला. "माणसानं कसं, आपलं वय पाहून..." एवढं म्हणाले की खड्डा यायचा आणि वाक्य खाली पडायचं. पोचेपर्यंत ते वयाच्या पुढे गेले नव्हते.

केनवडचं वावर काळ्या मातीचं. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं, त्यामुळे माती टायरला धरत होती. ट्रॅक छोटा आणि वळणं नुसती एकाला एक चिकटून. एका कोपऱ्यात बाभूळ होती आणि तिच्याजवळ गाडी जवळजवळ उलटी फिरवावी लागायची. सरावाला मी काही फेऱ्या मारल्या. मामाजी बाभळीजवळ हात मागे बांधून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो. मला वाटत होतं की आता उतरलो की उरलेलं वाक्य ऐकावं लागणार.

मी परत आलो, हेल्मेट काढलं. मामाजी जवळ आले, गाडीच्या चेनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जवाईबुवा, तुमची गाडी रडून राह्यली."

"रडून?"

"त्या बाभळीपाशी. दुसऱ्यात राह्यली का किंचाळते, तिसऱ्यात टाकली का मरते. तिले मधातलं काई सापडतच नाई. अन् पाचवा गिअर टाकता का तुमी कुठी?"

मी आठवून पाहिलं. पाचवा काय, चौथासुद्धा नावापुरताच पडत होता.

"मंग तो पाचवा कायले आनला घरून?" मामाजींनी विचारलं.

 खरं सांगायचं तर गाडीच्या चेनचा मी कधी विचारच केला नव्हता. इंजिन चांगलं बांधलं, टायर चांगले घेतले, वजन उतरवलं. पण चेन ज्या दोन दातेरी चक्क्यांवरून फिरते ते दोन चक्के कंपनीचे होते तसेच होते. समोर इंजिनापाशी लहान, चौदा दात्यांचा. मागे चाकाला मोठा, बेचाळीस दात्यांचा. केनवड असो की कारंजा, गाळ असो की मुरूम, माझे तेच चौदा-बेचाळीस.

मामाजींनी मातीत बोटानं दोन गोल काढले. "कंपनीनं हे रस्त्यासाठी दिलं. रस्त्यावर मानसाले दूर जायचं असते. इथं कुठी जाता तुमी? फिरून फिरून इथंच येता. मागचा चक्का मोठा केला ना, का गाडी मोकळी होते. पळन कमी, पन वढन जास्त. घाटात भरल्या गाडीले जे पायजे, ते."

त्या क्षणी आम्ही दोघंही विसरलो की ते कशासाठी आले होते.

प्रश्न होता चक्का आणायचा कुठून. रविवार. रिसोडची दुकानं बंद. मामाजींनी खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला आणि एका स्पेअर पार्टच्या दुकानदाराला म्हणाले, "कॉलेजात असतानी रोज माह्या गाडीनं जायचा ना तू? धावत यायचा अन् मी थांबायचो. आता तू थांब." आम्ही मागचं चाक खोललं, जुना चक्का वर्तमानपत्रात गुंडाळला, नटांची भोकं जुळवून पाहायला, आणि टेम्पो रिसोडला पळवला. दुकानदारानं हसत हसत शटर अर्धं वर केलं. आम्ही वाकून आत शिरलो. खोक्यांमागून खोकी उघडली. शेवटी भोकं जुळणारा एक चक्का सापडला, अठ्ठेचाळीस दात्यांचा, जवळजवळ पोळीच्या तव्याएवढा.

परत येऊन बसवला तर चेन अपुरी पडली. दुकानदारानं सोबत दिलेल्या तुकड्यातल्या काही कड्या जोडल्या, चाक मागे-पुढे सरकवून ताण धरला. मामाजींनी धोतराला हात पुसले. धोतर पांढरं होतं, हे त्यांना नंतर समजलं.

शर्यतीच्या पहिल्याच फेरीत फरक कळला. बाभळीचं वळण आलं, मी दुसऱ्यात आलो, आणि बाहेर पडताना मूठ पिळली तर गाडीनं मला अक्षरशः ओढलं. आधी वळणातून निघून इंजिन जागं होईपर्यंत पुढचं वळण यायचं. आता मी वळणा-वळणाच्या मधल्या तुकड्यात एकेकाला मागे टाकत होतो. बाभळीपाशी प्रत्येक वेळी एक आवाज ऐकू यायचा, "आता! आता टाका तिसरा!" आणि मी खरंच तेव्हाच टाकत होतो. मी तिसरा आलो. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यावर माझ्या गावाचं नाव ऐकलं. बक्षीस म्हणून स्टीलची घागर मिळाली.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. तिनं घागरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग वडिलांच्या धोतराकडे पाहिलं.

"बाबा, समजावलं का यायले?"

"समजावलं," मामाजी म्हणाले.

"काय समजावलं?"

"मागचा चक्का मोठा पायजे."

तिनं घागर उचलून आत नेली. धोतर मात्र तिनं तीन दिवस भिजत घातलं आणि त्या तीन दिवसांत वडिलांना माझा पायजमा घालून हिंडावं लागलं.

दोन दिवसांसाठी आलेले मामाजी राहिले. धनजला पुढची शर्यत होती, ती करून जातो म्हणाले. सासूबाईंचा फोन आला की ते उठून अंगणात जायचे आणि "जवाईबुवाचं काम हाय" एवढंच सांगायचे. गोठ्यातल्या खिळ्यावर आता दोन चक्के टांगलेले होते. बेचाळीसचा धूळ खात होता. अठ्ठेचाळीसचा मामाजी रोज रॉकेलनं धुवायचे, तेही बायकोच्या परातीत. त्यावरून घरात एक वेगळी शर्यत झाली. ती मामाजी हरले.

धनजचा ट्रॅक आम्ही शनिवारी जाऊन पाहिला. केनवडचं सगळं उलटं. पांढरट मुरमाचं टणक मैदान, वर सुटे खडे, जिथं बैलांच्या शंकरपटाची धाव असते. त्या धावेला धरून दोन्ही अंगांनी लांबच लांब सरळ पट्टे आणि टोकांना दोन ऐसपैस वळणं. मला आत कुठेतरी वाटलं की इथं तो तव्याएवढा चक्का चालायचा नाही. पण मामाजी मैदानावरून छत्री टेकत टेकत चालले आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "आपला अठ्ठेचाळीस काय करते पाहा उद्या."

त्यांच्या तोंडचं ते 'आपला' ऐकून मी गप्प बसलो. सासऱ्याला 'तुमचं चुकतंय' असं म्हणायची सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी झेंडा पडला आणि मी मूठ पिळली. माझं मागचं चाक जागच्या जागी फिरलं. इतकी ओढ असलेलं चाक मोकळ्या मुरमावर धरणार कशाला? खडे मागे उडाले, मागच्या पोरांनी शिव्या दिल्या. सावरून सरळ पट्ट्यावर आलो तर दुसरी तऱ्हा. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, भराभर टाकले आणि पट्टा अजून अर्धा बाकी होता. इंजिन टाहो फोडत होतं, पण गाडी जेवढी पळायची तेवढी पळून चुकली होती. पुढे गिअरच नव्हता. एकेक जण बाजूनं निघून जाऊ लागला. एका गाडीला तर मागे दुधाचे कॅन अडकवायचे हूक तसेच होते. तो माणूस माझ्या शेजारून जाताना मान वळवून माझ्या इंजिनाकडे काळजीनं पाहून गेला. मी शेवटून दुसरा आलो. माझ्या मागे राहिला त्याची चेन तुटली होती.

परतताना मामाजी टेम्पोत खिडकीशी बसले. कारंज्याला चहासाठी थांबलो. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"तुमाले काल ठाऊक होतं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "वाटत होतं थोडंसं."

"मंग बोलले काहून नाई?"

"तुमच्यासमोर कसं बोलू, मामाजी?"

त्यांनी कप पुन्हा उचलून एक घोट घेतला. मग हसले. "अहो, मी जन्मभर भरल्या गाडीनं घाट चढलो. मले मोकळ्या रस्त्याचं काय समजते? जिकडं तिकडं मले चढच दिसते. चूक माही झाली. पन आता एक करा. घरी मी सासरा, तुमी जवाई. मैदानावर तुमी डायवर अन् मी कंडक्टर. कंडक्टर चुकला तर डायवर त्याले झापते. झापलंच पायजे."

"बरं," मी म्हणालो.

"झापा मंग."

"आत्ता?"

"आत्ता."

मी चहाच्या टपरीवर सासऱ्यांकडे पाहत, जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणालो, "कंडक्टर, असा चक्का लावतात का?" माझा आवाज मधेच फाटला. टपरीवाला हसला, शेजारी हसला, मामाजींनी मांडीवर थाप मारली आणि भज्यांची प्लेट मागवली.

त्यानंतर आम्ही खरं शिकायला लागलो. गावात गेलं की आधी ट्रॅक पायी फिरायचा. सगळ्यात लांब सरळ कुठे आहे ते पाहायचं, आणि तिच्या शेवटी शेवटचा गिअर नुसता भरत आला पाहिजे, आधी संपता कामा नये आणि अर्धवटही राहता कामा नये. मग सगळ्यात हळू वळण पाहायचं, तिथून निघताना इंजिन मरतं का ते. माती हातात घेऊन दाबायची. धरणारी ओली माती असली तर गाडी तशीही फार पळत नाही, मागचा चक्का मोठा. सुटा मुरूम असला तर मोठा चक्का चाक नुसतं फिरवतो, तिथं लहान. हे सगळं आम्हाला कोणी सांगितलं नाही. काही वेळा मी बरोबर निघालो, काही वेळा मामाजी, आणि एकदा दोघंही चुकलो, कारण रात्री थोडा पाऊस झाला आणि सकाळी मैदान भलतंच निघालं.

अंगठ्याला चेनचा चिमटा बसून मामाजींचं नख काळं झालं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

होळीच्या आधीची शेवटची शर्यत होती इंझोरीला, आमच्याच गावात. हरभरा निघालेल्या दोन लागून असलेल्या वावरांत ट्रॅक आखला होता. वरच्या वावरात नाल्याच्या कडेनं लांब सरळ पट्टा, अगदी धनजसारखा. खालच्या वावरात वळणंच वळणं, केनवडसारखी. दोन्ही एकाच फेरीत. आमची पंचाईत झाली.

शनिवारी संध्याकाळी सरावाला गेलो तेव्हा बायकोही आली. "गावातच हाय म्हणून," ती म्हणाली. आजवर ती एकाही शर्यतीला आली नव्हती. नाल्याकडच्या वळणावर, जिथून खालचं वावर संपून सरळ पट्टा सुरू होतो, तिथं ओढणी डोक्यावर घेऊन बांधावर बसली.

आधी बेचाळीसचा लावून फेऱ्या मारल्या. सरळ पट्ट्यावर मजा, खालच्या वावरात गाडी पुन्हा रडायला लागली. मग चाक खोलून अठ्ठेचाळीसचा लावला. खाली मजा, वर पट्टा संपायच्या आत गिअर संपले.

"मोठा ठेवा," मामाजी म्हणाले. "वळनं जास्त हायेत."

"पण ओलांडायला जागा फक्त सरळीवर आहे," मी म्हणालो. "वळणात वाटच अरुंद. तिथं सगळ्यांच्या मागं मागं जाऊन काय फायदा?"

"सरळीवर येताल तवा ओलांडाल ना!"

"कंडक्टर, धनज विसरले का?"

"धनज काढू नका!"

आवाज इतके चढले की बांधावरून बायको उठून आली. म्हणाली, "तुमी दोघं भांडत असतानी मी पाहून राह्यली होती. दुसऱ्या गाड्या बी. जो या नाल्याच्या वळनातून आधी सुटते ना, तोच पुढं सरळीवर समोर राह्यते. सरळीवर कोनी कोनाले फार ओलांडत नाई. सुटते कसा, त्याच्यावर हाय."

मामाजी विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. "पाह्यलं? मोठा!"

"थांबा ना बाबा. यायची गाडी सुटते चांगली, पन अर्ध्यात दम टाकते. मंग मधातला नाई का तुमच्यापाशी?"

मधातला नव्हता. पंचेचाळीसचा चक्का कुठे मिळतो ते मला ठाऊक नव्हतं आणि सकाळी शर्यत होती. आम्ही तिघं गाडीभोवती उभे राहिलो. तिनं वाकून चेनकडे पाहिलं आणि बोट समोरच्या लहान चक्क्यावर ठेवलं.

"हा नाई बदलत का?"

मी आणि मामाजींनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही मागच्याच चक्क्याच्या मागे लागलो होतो. समोरचा लहान म्हणून त्याला कोणी विचारलंच नव्हतं. लहान चक्क्याचा एक दाता म्हणजे केवढा फरक! तिनं फोनवर गुणाकार-भागाकार केला, पुन्हा केला. समोर चौदाच्या जागी पंधरा लावला तर मागचा अठ्ठेचाळीस पंचेचाळीससारखा वागणार होता. बरोबर मधात.

"पंधराचा आनायचा कुठून?" मी म्हणालो.

मामाजी पिशवीकडे गेले आणि अगदी तळातून एक लहान चक्का काढला. "रिसोडच्या पोट्ट्यानं घाईत चुकून टाकला होता. वापस करायचाच होता." त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू तो त्यांनी मुद्दाम जपून ठेवला होता. 

झाकण खोलून बसवला तर तो आतून किंचित घासत होता. कानशीनं झाकणाची कड खरवडली. अंधार पडायच्या आत दोन फेऱ्या मारल्या. खाली गाडी केनवडइतकी ओढत नव्हती, वर धनजवाल्यांइतकी पळत नव्हती. पण कुठेच रडत नव्हती. नाल्याच्या वळणातून दुसऱ्यात सुटायची आणि पट्ट्याच्या शेवटी पाचवा भरत यायचा, नेमका ब्रेक मारायच्या थोडा आधी.

शर्यतीच्या दिवशी अख्खं गाव बांधावर होतं. कारंज्याकडचा एक पोरगा माझ्यापेक्षा मोठ्या इंजिनची गाडी घेऊन आला होता. त्याचं नाव भोंगेवाला सारखं घेत होता. सुरुवातीपासून तो पुढे आणि मी मागे. सरळ पट्ट्यावर मी त्याच्या जवळ जायचो, पण ओलांडू शकत नव्हतो. मला समजत होतं की नाल्याच्या वळणात तो तिसऱ्यात राहतो आणि त्याची गाडी क्षणभर गुदमरते. दर फेरीत तेवढाच क्षण.

शेवटच्या फेरीला मी वळणात मुद्दाम जरा थांबून शिरलो, आतल्या बाजूनं. बांधावरून बायकोचा आवाज आला. मी तो कधीच एवढा मोठा ऐकला नव्हता, माझ्या हाडाच्या वेळीसुद्धा नाही.

"सोडा आता!"

सोडली. गाडी नाल्याच्या कडेनं सुटली, त्याच्या शेजारी आली, आणि पट्ट्याच्या मध्यावर माझं पुढचं चाक पुढे होतं. त्याची गाडी मोठी होती, पळत होती, पुन्हा जवळ येत होती. पण पट्टा तेवढा लांब नव्हता. मी पहिला आलो.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. कोणीतरी गुलाल टाकला. भोंगेवाल्यानं माझं नाव चुकीचं उच्चारलं. मामाजी धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी मला मिठी मारली, मग अचानक आपण सासरे आहोत हे आठवून मागे सरकले आणि हात जोडले. मी त्यांच्या पाया पडलो. बक्षीस बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप होता. शेतकऱ्याला याहून उपयोगी काय मिळणार!

गर्दी पांगली. ऊन उतरलं. आम्ही दोर काढून गाडी बांधायच्या तयारीत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "मी एक चक्कर मारते."

"कायची चक्कर?" मामाजींनी विचारलं.

"गाडीची."

ती रोज स्कूटीनं मानोऱ्याला जाते. पण त्या गाडीला गिअर नसतात. मी म्हणालो, "अगं, क्लच..."

"कॉलेजात असतानी बाबाच्या जुन्या गाडीवर शिकली होती. बाबा घरी नसतानी."

 ही बातमी मामाजींना इतक्या वर्षांनी मिळत होती. तिनं माझं हेल्मेट घातलं, ते सैल होतं. मी पट्टा आवळला. ओढणी काढून वडिलांच्या हातात दिली. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा झटका देऊन निघाली आणि ती रिकाम्या वावरात गेली.

मी जिंकताना मामाजी एवढे घाबरले नव्हते. ओढणी छातीशी धरून ते बांधावरून तिच्या समांतर चालत होते. "हळू, बाई! ब्रेक! ब्रेक कुठी होय ठाऊक हाय का तिले?" मला विचारत होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. ती खालच्या वळणांतून सावकाश, पाय टेकत टेकत गेली. नाल्याच्या वळणापाशी आली, गाडी उभी केली आणि सरळ पट्ट्याकडे पाहिलं. मग निघाली. दुसरा. तिसरा. चौथा पडला तेव्हा तिच्या मागे धुळीची एक बारीक रेघ उठली.

मी पहिलीच फेरी मारली तेव्हा मलाही असंच वाटलं होतं का, ते मी आठवत उभा राहिलो.

ती आमच्याजवळ येऊन थांबली. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. ती हसत नव्हती, कसलातरी विचार करत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तिसऱ्यातून चौथ्यात टाकतानी थोडं वढल्यासारखं होते. मागं एखादा दात कमी करून पाह्यला का?"

मामाजी कधी तिच्याकडे, कधी गाडीकडे पाहत राहिले. मग ओढणी माझ्या हातात देऊन खाली बसले आणि चेन बोटानं दाबून पाहायला लागले.

"एक नाई," ते म्हणाले, "एकानं काई समजत नाई. दोन करून पाहू, आनू रिसोडवरून. तोवर चेन कसतो. मोठा पाना देजा बरं."

तिनं पाना शोधून दिला आणि मला म्हणाली, "तुमी गाडी धरा जरा, हालून राह्यली."

मी हँडल धरून उभा राहिलो.